रविवारचा वर्ग टेकडीवर: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी हॉलमध्ये योगाचा वर्ग नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायचं आहे. सकाळी सव्वासहाला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूच्या पायथ्याशी भेटू. थांबणं होणार नाही, कारण सूर्य उगवायच्या आत वर पोचायचंय.

चटई आणू नका, साधी सतरंजी पुरे. आसनं फारशी नाहीतच. ताडासन, वृक्षासन आणि मग अर्धा तास बसणं. या अर्ध्या तासासाठीच चाललोय. अष्टांगयोगातलं पाचवं अंग प्रत्याहार, म्हणजे इंद्रियांना विषयांमागे धावू न देणं, आणि आपण तो बहुधा कान-डोळे मिटण्यापुरता समजतो. हॉलमध्ये ते जमतं, टेकडीवर मोर ओरडतो तेव्हा जमत नाही. आवाज येऊ द्यायचा, पण मनाने त्याच्यामागे धावायचं नाही. मोर कुठल्या झाडावर आहे हे शोधू नका (मीही शोधतो, म्हणून सांगतोय).

सध्या पळस फुललाय. गेल्या वेळी काहींनी फुलं तोडून घरी नेली. अस्तेय (चोरी न करणं) आणि अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त न घेणं) यमांमध्ये, म्हणजे अष्टांगयोगाच्या पहिल्या अंगात येतात, ते फक्त माणसांशी वागतानाचे नियम नाहीत. पडलेलं फूल हातात घेऊन बघा, तिथेच ठेवा.

स्पीकर आणि उदबत्ती आणू नये. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, ठिणगी पुरते. पाण्याची बाटली आपापली, रिकामी परत न्यायची. गुडघेदुखी असलेल्यांनी काठी घ्यावी. उतरताना मुरमावर पाय घसरतो.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव लिहावं.