गेमचे तास मोजून पैसे वसूल ठरवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत छोट्या स्टुडिओंच्या गेम्सवर चौकट आली होती ती वाचली. आधी खरंच बरं वाटलं, कारण मोबाईलचं व्यसन आणि पोरांचे डोळे हे सोडून गेमबद्दल मराठी पेपरात सहसा काही येतच नाही. पण 'लिंबो'ला त्यात जेमतेम दोन ओळी, आणि निकाल काय तर दिसायला छान आहे पण तीन-चार तासांत संपतो म्हणून पैसे वसूल नाहीत. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल पण मधला भाग ठेवा.

मी हौशी नाटकांची लाईट करतो, राज्य नाट्य स्पर्धेत आमचं मंडळ उतरतं. लिंबो मला भाच्याने मोबाईलवर दाखवला, आणि पहिल्या पाच मिनिटांत माझी नजर गेली ती उजेडावर. सगळा गेम काळा-पांढरा-करडा. पुढचं सगळं काळंभोर, मागं धुक्यासारखा उजेड, आणि त्या उजेडावर एका लहान मुलाची नुसती आकृती, डोळे तेवढे दोन पांढरे ठिपके. आपण सायकवर, म्हणजे रंगमंचाच्या मागच्या मोठ्या पांढऱ्या पडद्यावर, मागून लाईट मारून पुढं माणूस उभा करतो ना, अगदी तेच, पण अख्खा गेमभर. कुठं स्पॉट नाही की दिव्यापुढं लावायचं रंगीत जिलेटिन नाही. एका ठिकाणी हॉटेलच्या पाटीची निऑनची अक्षरं आहेत, त्यात वीज चालू-बंद होते आणि त्या अक्षरांवरूनच उड्या मारत पुढं जायचं, तिथं तर लाईट हेच कोडं आहे. हे बघून मी दुसऱ्या दिवशी आमच्या दिग्दर्शकाला फोन केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेन्मार्कच्या कोपनहेगनमधल्या प्लेडेड नावाच्या छोट्या स्टुडिओने हा गेम केला, दिग्दर्शक आर्न्ट जेन्सन. कल्पना त्यांच्या डोक्यात २००४ च्या सुमारासची, स्टुडिओ काढला २००६ ला आणि गेम बाहेर आला जुलै २०१० मध्ये, आधी फक्त एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेम खेळायच्या यंत्रावर, पुढच्या वर्षी प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटरवर, मोबाईलवर तर त्याच्याही नंतर. एक मुलगा जंगलात जागा होतो आणि बहिणीला शोधत निघतो एवढीच गोष्ट. संवाद नाही, सूचना नाहीत, कुणी काही समजावत नाही. डावीकडं-उजवीकडं जायचं, उडी मारायची आणि वस्तू धरून ओढायची, बास. आवाज मार्टिन स्टिग अँडरसन यांचे, त्यांनी जुन्यापान्या रेकॉर्डिंग यंत्रांतून आवाज फिरवून घेतले होते म्हणे, त्यामुळं पार्श्वसंगीत असं ऐकूच येत नाही, नुसता वारा, पाणी, पायांचा आवाज आणि लांबून येणारी कसली तरी घरघर. बाजारात यायच्या आधीच २०१० च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला दृश्यकलेचं आणि तंत्राचं अशी दोन बक्षिसं मिळाली होती.

समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या वेबसाइटवर एक्सबॉक्सच्या आवृत्तीला १०० पैकी ९० आहेत. पण खेळणाऱ्यांत तेव्हाच भांडण लागलं आणि ते किमतीवरून. किंमत होती १२०० मायक्रोसॉफ्ट पॉइंट्स (एक्सबॉक्सच्या दुकानात तेव्हा चालणारं चलन), म्हणजे १५ डॉलर, आणि एवढ्या पैशात एका संध्याकाळचा गेम? असा सूर. त्याच्या दोन वर्षं आधी, २००८ मध्ये, जोनाथन ब्लो यांच्या 'ब्रेड' या गेमवरही ह्याच किमतीवरून अशीच ओरड झाली होती, त्याचं पण कौतुक तेवढंच झालेलं. म्हणजे तुमच्या चौकटीतला मुद्दा नवा नाही, फक्त त्याची दुसरी बाजू तुम्ही छापली नाहीत, की त्या तीन-चार तासांत भरतीचं काहीच नाही असं मानणारेही तेव्हा खूप होते आणि आजही आहेत.

मी त्यांच्यातलाच आहे आणि का ते सांगतो. गेम लांबवणं सोपं असतं, एकच कोडं दहा वेळा थोडं बदलून द्यायचं की झाले वीस तास. लिंबोत कोडं एकदा आलं की बहुतेक परत येत नाही, आणि आलं तर उलटं होऊन येतं. तो मोठा कोळी बघा. आधी तो पुढं दबा धरून असतो, त्याच्या पायांनी भोसकतो, मग जनावरं पकडायचा लोखंडी सापळा सरकवून त्याचेच पाय त्यात अडकवायचे, मग पुढं तो परत येतो आणि मागं लागतो, आणि सगळ्यात शेवटी त्याचा उरलेला एकच पाय आपण स्वतः ओढून तोडायचा आणि ते धड ढकलत नेऊन काट्यांवर टाकून त्याच्यावरून उडी मारायची. ज्याची इतका वेळ भीती वाटत होती त्याचीच शेवटी कीव येते, आणि हे सगळं एका शब्दाशिवाय! हे मिनिटांवर मोजायचं म्हणजे काय करायचं? एकांकिका पाऊण तासात संपते म्हणून तिकिटाचे अर्धे पैसे परत द्या असं सांगलीत कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात 'सीता स्वयंवर' केलं त्या गावच्या प्रेक्षकाला हे वेगळं सांगायला नको.

आता सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. टीका झाली ती काही ठिकाणी बरोबरच आहे. उत्तरार्ध पडतो. पहिल्या भागात जंगल, तो कोळी, सापळे लावून बसलेली दुसरी मुलं, त्यात एक धाक आहे. नंतर कारखाना लागतो आणि चुंबक, लिफ्ट, जमिनीचं छत होणं असली यंत्रं सुरू होतात, कोडी अवघड होतात पण अंगावर काटा येत नाही, माणसं तर जवळजवळ गायबच. मरण्यावरूनही लोक चिडतात आणि मला ते पटतं. एका ठिकाणी वरून दाबणारी दोन यंत्रं आहेत, पहिल्याला जिथं पाय द्यायचा नसतो, दुसऱ्याला नेमका तिथंच द्यायचा असतो, हे मेल्याशिवाय कळायला मार्गच नाही. बनवणारे स्वतःच याला 'ट्रायल अँड डेथ' म्हणायचे, म्हणजे करून बघायचं आणि मरून शिकायचं. लगेच जवळूनच परत सुरू होतं हे खरं, पण त्या लहान मुलाचं मरण इतकं भयंकर दाखवलंय की घरात बारकी पोरं असतील तर त्यांच्या हातात देऊ नका. तुमच्या चौकटीत हे यायला पाहिजे होतं, तासांच्या हिशेबापेक्षा ते जास्त कामाचं आहे.

शेवटावरून जो वाद आहे तो मात्र मला फार आवडतो. ज्यांना खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडा. मुलगा काच फोडून आरपार जातो, परत जंगलात जागा होतो, थोडं चालल्यावर ती मुलगी पाठमोरी बसलेली दिसते, हा जवळ जातो, ती दचकून उठते आणि ब्लॅकआउट. संपलं. बऱ्याच जणांना हे अर्धवट वाटलं, काही समीक्षकांनीही लिहिलं की गोष्ट इतकी मोकळी सोडलीय की हाताला काही लागत नाही. दुसरीकडं खेळणाऱ्यांनी सुरुवातीच्या मेनूचं चित्र शेवटच्या जागेशी ताडून बघितलं, तिथल्या घोंगावणाऱ्या माश्यांवरून कुणी म्हणालं दोघंही मेलेली आहेत, कुणी म्हणालं फक्त बहीण, कुणी झाडावरच्या घरातून पडल्याचं म्हणालं, कुणी काच फुटते म्हणून गाडीचा अपघात. माझं मत विचाराल तर तो ब्लॅकआउट एक सेकंदभर जरी उशिरा आला असता तर सगळं वाया गेलं असतं. ती दचकते, तो खांदा हलतो न हलतो तोवर अंधार. हा क्यू, म्हणजे लाईट बदलायचा नेमका क्षण, ज्याने ठरवला त्याला रंगमंच कळतो, मग तो कधी नाटकात गेला असो नसो.

आमच्या ग्रुपमध्ये यावर तालमीनंतर वाद होतात, नाटकावर होतात तसेच, तावातावाने. अशा वाचकांना दोन ओळींची चौकट पुरत नाही. नाटकाच्या परीक्षणाला देता तेवढी जागा एखाद्या गेमला द्या, ज्याने गेम शेवटपर्यंत खेळलाय त्याच्याकडून लिहून घ्या, आणि वाईट वाटला तर वाईट लिहू दे, पण का ते लिहू दे. प्लेडेडचाच 'इनसाइड' २०१६ मध्ये आला, तोही तेवढाच छोटा आणि त्याच्या शेवटावर तर याहून मोठी भांडणं आहेत. त्याच्यापासून सुरुवात करा, फक्त शेवट छापू नका.

आपला नेहमीचा वाचक,
विश्रामबाग, सांगली