आंजर्ल्याच्या कासवमित्र दादांना

दादा, नमस्कार.

कासव अंडी घालतं, कोंबडी घालते, ऑस्ट्रेलियातला तो बदकासारख्या चोचीचा, केसाळ प्लॅटिपसही घालतो. मग तो एकटाच सस्तन कसा? सहावीतल्या माझ्या लेकीच्या या प्रश्नाला ‘अपवाद आहे, पाठ कर’ एवढंच उत्तर मिळालेलं. ऐन विणीच्या धावपळीत तुम्ही तिला हॅचरीच्या, म्हणजे कासवांची अंडी जपून उबवायच्या जागेच्या, जाळीपाशी बसवून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

कासवाचं अंडं हलवताना वरची बाजू वरच ठेवायची, फिरलं तर आतला जीव दगावतो, आणि कोंबडी मात्र आपली अंडी स्वतःच उलटवत असते, इथून तुम्ही सुरुवात केलीत. म्हणजे अंडं अंडंही सारखं नसतं! प्लॅटिपसचं तर रिठ्याएवढं, मऊ कातडी कवचाचं. ते साधारण चार आठवडे आईच्या पोटातच असतं आणि कवचातून आईकडचं पोषण घेत वाढतं. बाहेर आल्यावर जेमतेम दहा दिवसांत फुटतं. कोंबडीच्या पिल्लाला एकवीस दिवस लागतात, पण ते लगेच दाणे टिपत पळतं. प्लॅटिपसचं पिल्लू मात्र आंधळं, उघडंवाघडं.

खरा फरक तिथून पुढे. कासवीण वाळू सारखी करून समुद्रात निघून जाते. प्लॅटिपसची मादी बिळात तीन-चार महिने दूध पाजते. तिला स्तनाग्रंच नाहीत. पोटाच्या कातडीतून पाझरलेलं दूध पिल्लू चाटतं. असं उघड्यावर येणाऱ्या दुधात जंतू मारणारं प्रथिन असतं, हे नंतर वाचलं आणि निसर्गाच्या हुशारीला हात जोडले.

लेक गप्प बसणारी नव्हेच. ‘कबूतरही पिल्लांना दूध देतं म्हणतात!’ तुम्ही हसून सांगितलंत, ते गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरातून येतं, नरही देतो; त्याला दूधग्रंथी लागत नाहीत. शिवाय अंगावरचे केस, खालच्या जबड्याचं प्रत्येक बाजूला एकच हाड आणि कानातली तीन इवलीशी हाडं, हे सगळं प्लॅटिपसकडे आहे, पक्ष्याकडे नाही.

मला सर्वांत आवडलं ते खवले मांजराचं उदाहरण. आपल्या डोंगरातलं ते खवल्यांचं जनावर बघून कोणीही सरपटणारा प्राणी म्हणेल, पण ते पिल्लू जन्माला घालतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला एकिडना तसाच लांब जिभेने मुंग्या-वाळवी खाणारा, बिनदाताचा. पण तो अंडं घालून पोटाच्या पिशवीत ठेवतो. थोरामोठ्यांनाही हे सहज पटलं नव्हतंच. १७९९ साली प्लॅटिपसचं वर्णन करणाऱ्या जॉर्ज शॉला कातडं बनावट असल्याचा संशय आला होता, आणि अंडी घालतो हे पक्कं व्हायला १८८४ उजाडलं.

आता तिला नर प्लॅटिपसच्या मागच्या पायातल्या विषारी काट्याविषयी विचारायचंय. सवडीने फोन करा. एसटीने कुळथाचं पीठ पाठवतेय, डबा परत करायची घाई नाही.

तुमची,
दापोलीची ताई