तक्रार : एका ओळीचे बिल, न कळवता वाढवलेला काळजी-स्तर आणि पुस्तिकेतील चुकीची आर्थिक माहिती

दिनांक : ८ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक
(कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर)

विषय : सहाय्यक निवास केंद्राच्या बिलांबाबत तक्रार व दुरुस्तीची मागणी
संदर्भ : निवास करारनामा, ऑगस्ट २०२५ ची बिले, प्रवेशाच्या वेळी दिलेली माहितीपुस्तिका

महोदय,

आपल्या केंद्रात राहणाऱ्या ज्येष्ठांचे आम्ही कुटुंबीय. तिथल्या परिचारिका आणि मदतनीस यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. ती माणसे मनापासून काम करतात. तक्रार आहे ती आपल्या हिशेबाच्या पद्धतीबद्दल.

दरमहा येणाऱ्या बिलावर एकच ओळ असते : ‘सेवा शुल्क’. उदाहरणादाखल एका रहिवासी आजींचे ऑगस्टचे बिल घ्या. सेवा शुल्क ६८,५६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२,३४० रुपये ८० पैसे, एकूण ८०,९०० रुपये ८० पैसे. पुस्तिकेत ‘सर्वसमावेशक ४६,०००’ छापले आहे. फरक कशाचा, हे लेखी विचारल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर फोड आली : मूळ शुल्क ४६,०००, काळजी-स्तर ३ चे (रहिवाशाला किती मदत लागते त्यावरून ठरणारी श्रेणी) ९,५००, औषधे ७,४८०, डायपर ५,५८०.

आधी औषधे. दुकानाच्या पावतीवर छापील किमतीने ६,८०० रुपये होतात. त्यावर आपण १० टक्के ‘हाताळणी’ लावली आणि झालेल्या ७,४८० वर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे ६,८०० ची औषधे आजींना ८,८२६ रुपये ४० पैशांना पडली. छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात आणि औषध त्याहून जास्त किमतीला विकायला औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ मध्ये मनाई आहे. रहिवाशाच्या संमतीने, त्याच्या वतीने केलेला खर्च वेगळा दाखवून जेवढ्यास तेवढा वसूल केला, तर जीएसटी नियमावलीच्या नियम ३३ नुसार तो करपात्र मूल्यात धरावा लागत नाही. आपण तो सेवा शुल्कात मिसळता आणि त्याचा भुर्दंड रहिवाशाला पडतो.

डायपरचे तेच. ऑगस्टमध्ये १८६ डायपर लावले आहेत, म्हणजे ३१ दिवस रोज सहा. परिचारिकांच्या नोंदवहीत त्याच महिन्यात रोज तीन किंवा चार वेळा बदलल्याची नोंद आहे. शिवाय त्यातले काही दिवस आजी रुग्णालयात होत्या. त्या दिवसांचे डायपर बिलात आहेतच, आणि जेवणाची वजावट मात्र नाही.

आता काळजी-स्तर. दोनवरून तीन कधी झाला, कोणी ठरवला, याचा कागद नाही. बार्थेल निर्देशांकासारखी साधी मापनपद्धत उपलब्ध आहे : जेवण, आंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, मल-मूत्रावरचे नियंत्रण, पलंगावरून खुर्चीत बसणे, चालणे अशा १० बाबी आणि १०० गुण. पलंगावरून खुर्चीत बसण्याला १५ पैकी १० मिळाले की ५, एवढ्यावरून थोड्या मदतीने भागते की बरीच मदत लागते हे कळते. असा तक्ता भरून कुटुंबाची सही घेतली, तर वाद राहत नाही. दुसरे असे की लघवीच्या संसर्गात ज्येष्ठांना अचानक भ्रम होतो, चालणे-बसणे बिघडते, आणि संसर्ग बरा झाला की बरेचदा सुधारते. अशा आजारपणात वाढवलेला स्तर पुन्हा तपासायला हवा. आपल्याकडे स्तर चढतो, उतरलेला आम्ही पाहिला नाही.

या ९,५०० रुपयांचे वजन आपण समजून घ्यावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख रुपये ठेवले, तर ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये व्याज मिळते. न सांगता वाढवलेला एक स्तर त्यातला जवळपास निम्मा भाग खातो.

एका ओळीच्या बिलाने होणारे सर्वांत मोठे नुकसान मात्र वेगळेच आहे. त्याच्या आधारे कोणतीच सवलत मागता येत नाही. आयकराच्या जुन्या करप्रणालीत कलम ८०-डी खाली, आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या वैद्यकीय खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पैसे रोखीने दिलेले नसावेत एवढी अट. स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सनमध्ये ४० टक्के वा अधिक अक्षमता प्रमाणित असेल, तर अवलंबून असलेल्या ज्येष्ठाच्या उपचारासाठी कलम ८०-डीडीबी खाली १ लाखापर्यंत वजावट आहे. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते. एकच खर्च दोन्हीकडे दाखवता येत नाही, आणि निवास-भोजन तर कुठेच नाही. म्हणून औषधे, डॉक्टरांची भेट, फिजिओथेरपी हे रहिवाशाच्या नावाने वेगळे हवे. आपण औषधे कंपनीच्या नावे एकगठ्ठा घेता, मूळ पावत्या आपल्याकडेच राहतात, आणि आमच्या हाती ‘सेवा शुल्क’ उरते.

पुस्तिकेतील ‘आर्थिक साहाय्य’ हे पान तर तातडीने मागे घ्या. त्यात मेडिक्लेममधून परतावा मिळेल असे सुचवले आहे. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणींमध्ये (ज्या खर्चाचे पैसे विमा देत नाही अशा बाबींमध्ये) ०५ क्रमांकाची वगळणी नेमकी हीच आहे : आंघोळ, कपडे, हालचाल यांसाठीची देखभाल, मग ती घरी असो वा शुश्रूषा केंद्रात. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान भारतचे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, पण ते संलग्न रुग्णालयातील उपचारांसाठी. केंद्राच्या शुल्कासाठी नाही. वृद्धनिवासाला जीएसटी माफ आहे, हे वाक्यही दिशाभूल करणारे आहे. ती माफी सरकारी किंवा आयकर कायद्याच्या १२-एए, १२-एबी खाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थांना, ६० वर्षांवरील रहिवाशांसाठी आणि निवास-भोजन-देखभालीसह दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर आहे. आपली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी त्यात बसत नाही, हे आपल्या हिशेब विभागाला ठाऊक असणारच.

सर्वांत धोकादायक सल्ला रिव्हर्स मॉर्गेजचा. ‘राहते घर बँकेकडे ठेवा आणि त्या हप्त्यांतून आमचे शुल्क भरा.’ राष्ट्रीय आवास बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्जदार घर कायमचे सोडून वृद्धसेवा संस्थेत राहायला गेला, तर कर्ज फेडण्याची वेळ येते. सलग वर्षभर घरात न राहणे ही साधारण कसोटी. सहकर्जदार असलेला जोडीदार घरात राहत असेल तर गोष्ट वेगळी. एकट्या ज्येष्ठाने हा सल्ला ऐकला तर केंद्रात आल्यावर वर्षभरात त्याचे घर विक्रीला निघू शकते. असे छापताना कोणी विचार कसा केला नाही, याचा आम्हाला संताप आहे.

आमच्या मागण्या :

१. एप्रिल २०२५ पासूनची सर्व बिले निवास-भोजन, व्यक्तिगत काळजी, वैद्यकीय सेवा, औषधे आणि वापराच्या वस्तू अशी फोडून द्यावीत. औषधांच्या मूळ पावत्या रहिवाशाच्या नावाने द्याव्यात.
२. हाताळणी शुल्क, त्यावरील जीएसटी आणि नोंदवहीपेक्षा जास्त लावलेल्या डायपरची रक्कम परत करावी. रुग्णालयातील दिवसांची जेवणाची वजावट द्यावी.
३. लेखी मूल्यमापन आणि ३० दिवसांची पूर्वसूचना यांशिवाय स्तर वाढवू नये. तशी वाढवलेली रक्कम परत करावी.
४. पुस्तिकेतील ते पान मागे घेऊन सर्व कुटुंबांना दुरुस्ती लेखी कळवावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात याबद्दल प्रत्येक कुटुंब आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करेल. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास तिथे शुल्क लागत नाही. करारातील एकतर्फी अटींसाठी राज्य आयोगाकडे स्वतंत्रपणे जाऊ. तोपर्यंत वादातील रकमेवर विलंब शुल्क लावू नये आणि कोणाही रहिवाशाची सेवा कमी करू नये.

आपले,
रहिवाशांचे कुटुंबीय
(सह्यांचे पान सोबत)

सोबत : ऑगस्टचे बिल व त्याची फोड, औषधांच्या पावत्यांच्या प्रती, नोंदवहीतील पानांची छायाचित्रे, पुस्तिकेतील संबंधित पान