बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या आजोबांचे आभार

आत्याबाई गेल्या आणि मृत्युपत्रात माझं नाव निघालं. लोखंडी कपाटात पिवळे पडलेले शेअरचे कागद, दोन एफडी. बँकेच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या, धोतर-टोपीतल्या आजोबांनी माझी फाइल बघितली आणि थेट ओट्यावर बसवून शिकवणी घेतली!

सलग सात वर्षं लाभांश न उचललेले शेअर्स सरकारच्या आयईपीएफकडे (गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे) जातात, बुडत नाहीत. आधी कंपनीकडे वारस म्हणून कागद द्यायचे, मग शेअर्स परत मागायचा फॉर्म आयईपीएफ-५. दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे. वारसा मिळाला म्हणून कर नाही (वारशावरचा कर, इस्टेट ड्यूटी, 1985 सालीच गेली), पण शेअर विकले तर नफ्यावर आहे, आणि खरेदीची किंमत आत्याबाईंचीच धरायची. हे सगळं त्यांनी पेन्सिलीनं पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं.

नोटरीकडच्या ताईंचेही आभार, ‘बेन, सही जुनीच करजो’ म्हणत प्रत्येक पान तपासलंत.

आता ‘स्कीम’ घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना मी चहा पाजते, चेक देत नाही. आजोबा, पुन्हा दिसलात तर डीमॅटचं, म्हणजे शेअर्सच्या इलेक्ट्रॉनिक खात्याचं, स्टेटमेंट दाखवायचंय.