बालवर्ग सुटतो कधी, यावर ठरते आईची नोकरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बालवर्गाचे तास वाढवण्याचा विषय निघाला की चर्चा मुलांच्या अभ्यासापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मी पाच वर्षांच्या मुलांना शिकवते, त्यामुळे मुलांचे हित माझ्यासाठी पहिलेच. पण वर्ग किती वाजता सुटतो, त्यावर घरातल्या एका माणसाची कमाई ठरते आणि ते माणूस बहुधा आई असते.

अर्ध्या दिवसाचा वर्ग तीन तासांचा. जाणे-येणे वजा केले की आईच्या हाती दीड-दोन तास उरतात. एवढ्यात कुठली नोकरी होणार? वर्ग सुटताना दारात उभी राहून मी हेच बघते. एक आई खांद्याने फोन कानाशी दाबून 'दहा मिनिटांत करते' म्हणत मुलाच्या पायात बूट चढवत असते, फोनवरची बैठक चालूच. मूल तिला चित्र दाखवत असते आणि तिचे लक्ष नसते. तिचा दोष काय? अशा कितीतरी शिकलेल्या बाया अर्धवेळ कामावर अडकतात, बढती दुसऱ्यांना मिळते.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने सप्टेंबर १९९७ मध्ये पाच वर्षांच्या मुलांचा बालवर्ग पूर्ण दिवसाचा केला, चार वर्षांच्यांना रोज पाच डॉलरमध्ये पाळणाघर दिले आणि २००० पर्यंत ही सोय त्याहून लहानांनाही लागू केली. या धोरणानंतर, आई-वडील दोघे असलेल्या घरांत नोकरी करणाऱ्या मातांचे प्रमाण सुमारे आठ टक्के बिंदूंनी, म्हणजे दर शंभर मातांमागे आठने, वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले.

सगळीकडे असे झाले नाही, हेही सांगायला हवे. नॉर्वेत १९७५ च्या कायद्यानंतर बालकेंद्रांत जागा खूप वाढल्या, पण मातांच्या नोकऱ्या फारशा वाढल्या नाहीत. नातेवाइकांकडे किंवा खासगी सांभाळणारीकडे राहणारी मुले केंद्रात आली, एवढेच. अमेरिकेत बालवर्ग सरकारी शाळांत आले तेव्हा फायदा मुख्यतः एकट्या आयांना झाला, तोही ज्यांचे धाकटे मूल पाच वर्षांचे होते त्यांना. ते उघडच आहे. पाच वर्षांचे मूल दिवसभर शाळेत आणि दोन वर्षांचे घरात, अशी आई बाहेर पडणार कशी?

म्हणून नुसते तास वाढवून भागणार नाही. धाकट्यांसाठी पाळणाघर हवे आणि शाळेच्या सुट्ट्यांचीही सोय हवी. जर्मनीत ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास देखभालीचा कायदेशीर हक्क देण्याचे ठरले. तो सुट्ट्यांतही लागू, केंद्र वर्षात फार तर चार आठवडे बंद ठेवता येईल. नोकरदार माणसाच्या रजेचा हिशेब कुणीतरी मांडला, याचे मला फार बरे वाटले.

शिक्षिका म्हणून माझी एक अट मात्र आहे. क्वेबेकच्या त्याच अभ्यासात मुलांमध्ये चिंता आणि आक्रमकपणा वाढल्याचेही आढळले. थकलेले मूल दुपारी कसे वागते, ते आम्हाला माहीत आहे. कॅनडातल्याच ऑन्टारिओ प्रांताने २०१० ते २०१४ मध्ये पूर्ण दिवसाचा बालवर्ग आणला, तेव्हा जास्त मुलांच्या वर्गात शिक्षिकेच्या जोडीला प्रशिक्षित बालशिक्षिका दिली. दुपारी पडायला जागा आणि वर्गात दुसरे मोठे माणूस, या दोन गोष्टींचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, नंतर बघू म्हणून सोडू नये.

आपली,
एक बालवर्ग शिक्षिका