जाड मुठीचा चमचा: शनिवारच्या प्रात्यक्षिकासाठी

ज्या रुग्णाला बारीक दांडा नीट धरता येत नाही, त्याला स्वतः जेवता यावं म्हणून चमच्याच्या दांड्यावर फोमची जाड मूठ चढवायची आहे. त्यासाठी सर्व विद्यार्थी सदस्यांनी एक स्टीलचा चमचा, एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी १२ सेंमी, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि २.५ सेंमी रुंद वेल्क्रो ३० सेंमी आणावी.

नळी दांड्यावर घट्टच बसायला हवी. सैल राहिली तर आमटी-भात उचलताना चमचा आतल्या आत फिरतो आणि घास तोंडाशी येऊन सांडतो. रुग्ण तिथेच हात आखडता घेतो, म्हणून हे आधी तपासा. दांडा बारीक असेल तर आधी ट्यूबची पट्टी गुंडाळा. मूठ साधारण ३ ते ३.५ सेंमी जाड ठेवा. हात लहान असेल तर कमी. जेवणानंतर नळी काढून धुवा, आत ओल राहते.

संधिवाताच्या रुग्णाला ही मूठ चालते. मानेच्या मणक्याच्या दुखापतीत बोटं मिटतच नसतील तर ती निरुपयोगी. तिथे तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा आणि त्यात चमच्याचा खिसा. अशा हाताला संवेदना कमी असते, पट्टा रुतलेला कळत नाही. काढल्यावर त्वचा बघाच. लाली २० मिनिटांत गेली नाही तर पट्टा नव्याने बेता.