तीन इंची कुंडीबद्दल आभार

आदरणीय काकूंस,
सादर नमस्कार.

आपण मुलाकडे बंगळूरला राहायला गेलात, त्याला आता आठ महिने होतील. फोनवर आभार मानू लागले की आपण "अगं, त्यात काय एवढं" म्हणत विषय बदलता, म्हणून माझे आफ्रिकन व्हायोलेट, म्हणजे घरात कुंडीत वाढणारे ते छोटे फुलझाड, आपण वाचवलेत त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, माझीच चूक करणारी आणखी तीन घरे आपल्याच इमारतीत निघाली.

माझे आफ्रिकन व्हायोलेट आपण पहिल्यांदा पाहिलेत तेव्हा त्याला चौदा महिन्यांत एकही फूल आले नव्हते. नर्सरीतून आणले तेव्हा ते जांभळ्या फुलांनी भरलेले होते. मी हौसेने ते सहा इंची कुंडीत, लाल मातीत शेणखत मिसळून लावले आणि रोज सकाळी न चुकता पाणी घातले. आपण काहीच न बोलता वर्तमानपत्र अंथरलेत, झाड उपडे केलेत आणि मातीचा गोळा मुठीत दाबलात, तर त्यातून पाणी ठिबकले. मुळे चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. "एवढं पाणी तर आपण अळूलाही घालत नाही," एवढेच आपण म्हणालात. मुळे कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पाने मलूल होतात, आणि आपण झाड तहानले समजून आणखी पाणी ओततो, हे दुष्टचक्र त्या दिवशी मला प्रथम समजले.

त्यानंतर आपण जे केलेत ते पाहताना माझा जीव खालीवर होत होता. खालची पाने खुडून आपण बुंध्याच्या चकत्या कापत गेलात, आणि आतला तपकिरी गाभा संपून स्वच्छ हिरवट भाग दिसल्यावरच थांबलात. उरलेला जेमतेम इंचभर बुंधा आपण हलकेच खरवडून, ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात, तीन इंची कुंडीत खोचलात आणि वरून पारदर्शक पिशवी बांधलीत. महिन्याभराने मधोमध नखाएवढी दोन पाने दिसली.

कुंडी एवढी लहान का, याचे आपण दिलेले उत्तर मी आता सर्वांना ऐकवते. हे झाड मूळचे टांझानियातील उसांबरा डोंगरांच्या परिसरातले. तिथे ते सावलीत, खडकांच्या कपारींत साठलेल्या मूठभर कुजक्या पाल्यात वाढते, म्हणून त्याची मुळे उथळ असतात आणि कुंडी मुळांनी भरल्याशिवाय ते फुलायचे मनावर घेत नाही. पानांचा घेर नऊ इंच असेल तर कुंडी तीन इंचांची, हे आपले माप मी आजवर मोडलेले नाही. (नावात व्हायोलेट असले तरी ते त्या कुळातले नाही, त्याच्या खऱ्या कुळातल्या काही वनस्पती आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात ओल्या कातळांवर फुलतात, हे आपल्याकडूनच कळले.)

पाणी मी आता कोमट करून ताटलीत ओतते आणि अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकते, कारण गार पाणी पानांवर पडले की फिकट वळ्यांचे डाग उमटतात आणि ते जात नाहीत. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि त्यावर टेकलेले देठ कुजतात, म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी सोडून सगळे निथळू देते. झाड टीव्हीजवळच्या फळीवरून पूर्वेच्या खिडकीत आणले आहे. तरीही जुलैत आभाळ भरून आले की देठ लांबून पाने वर ताणली जातात, तेव्हा फूटभर उंचीवरून एलईडी ट्यूब बारा तास लावते आणि रात्री न चुकता बंद करते. खत मात्र पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाव भागच.

एक कबुली द्यायची आहे. नव्या झाडाला आलेल्या पहिल्या कळ्या आपण खुडायला लावल्यात, तेव्हा मला आपला चक्क राग आला होता; चौदा महिने वाट पाहून हाती आलेल्या कळ्या केराच्या डब्यात टाकणे सोपे नव्हते. पण आधी मुळे आणि पाने भरू दिल्यामुळे पुढच्या खेपेस एकदम अकरा फुले आली, हेही इथेच नोंदवते.

आपल्या पट्टेदार फुलांच्या झाडाचे पान मी मागितले, तेव्हा आपण ते दिले नव्हते. पानापासून केलेल्या रोपात ते पट्टे सहसा उतरत नाहीत, त्यासाठी बगलेतला फुटवाच लागतो, असे सांगून आपण मला थांबवलेत; आणि निघायच्या आदल्या दिवशी तो फुटवा, दह्याच्या प्लास्टिकच्या डबीत लावलेला, स्वतः तीन मजले चढून आणून दिलात.

त्याला परवा पहिले फूल आले. पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येकीच्या मधोमध निळी पट्टी, अगदी आपल्या झाडासारखी. त्याला एक फुटवाही दिसतो आहे. तो मी काढलेला नाही, आपण जानेवारीत याल तेव्हा आपल्याच हाताने काढावा म्हणून ठेवला आहे.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण
पुणे